दहापैकी किती?

गेल्या तू बिश्वातला आमच्या वृद्धांच्या क्लबात मलिद्याचा कार्यक्रम झाला. एलियाहू हन्नाबीचे गीत झाले, फळांवरचे ब्राखोत म्हणून झाले, पोहे-खोबऱ्याच्या ताटल्या फिरू लागल्या. तेवढ्यात एका उत्साही बांधवाने खिशातून घडी केलेले कात्रण काढले आणि उभे राहून मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर थोडक्यात असा: कुवेतमध्ये सहा हजारांवर मुलामुलींना विचारून शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की श्रद्धाळू माणसे जास्त सुखी असतात, जास्त निरोगी असतात, आणि त्यांना चिंता व खिन्नता कमी असते. टाळ्या पडल्या. कोणी तरी म्हणाले, "पाहा, अरबांनाही कळले!" त्यावर हशाही झाला.

आमच्या शेजारी एक वयस्क भगिनी बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही. गेली चार वर्षे संधिवाताने त्यांची बोटे वाकली आहेत, आणि यजमान गेल्यापासून रात्रीची झोपही गेली आहे. ताटलीकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमचीच श्रद्धा कमी पडली म्हणायची का हो?"

या बाई शब्बाथच्या दिवे लावण्याच्या वेळा कॅलेंडर न पाहता सांगतात. त्यांना त्या क्षणी आम्ही धड उत्तर देऊ शकलो नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ज्या अभ्यासाच्या जोरावर कात्रण लिहिले होते, तो आणि त्याच प्राध्यापकांचा त्याआधीचा एक, असे दोन्ही अभ्यास आम्ही मिळवले. जिथे आमचे गणित थांबले तिथे आकडेशास्त्र शिकलेल्या एका तरुणाला बसवून समजावून घेतले. त्यावरून जे मत झाले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी कुवेतविषयी दोन शब्द, कारण ते आपल्याला अगदीच परके नाही. आपल्यापैकी जे मुंबईत वाढले त्यांना आठवत असेल की १९६१ साली दिनार येईपर्यंत तिथे आपला रुपयाच चालत असे. साले आणि दाऊद अल-कुवैती हे दोघे यहुदी बंधू तिथेच जन्मले, बगदादेत नावारूपाला आले, १९५१ साली इस्राएलला आले, आणि मग कोल इस्राएलच्या अरबी कार्यक्रमांतून त्यांचे व्हायोलिन व ऊद आपल्या शेजारच्या इराकी घरांत ऐकू येत राहिले. आज तिथे यहुदी समाज उरलेला नाही. कोकणातल्या आपल्या जुन्या गावांची गोष्ट वेगळी. अलिबाग, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत आपल्या घरांशेजारी जे मुसलमान शेजारी राहत, त्यांच्या कितीतरी मुलांनी कुवेतला जाऊन घरे बांधली. आणि २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत गिळले, त्याची किंमत आपणही जानेवारी महिन्यात बंद खोलीत, तोंडावर मुखवटे चढवून मोजली. त्याकडे पुढे येऊ.

आता अभ्यास. ते अहमद अब्देल-खालेक यांचे आहेत. हे मूळचे इजिप्तचे मानसशास्त्रज्ञ, त्या वेळी कुवेत विद्यापीठात प्राध्यापक होते. श्रद्धा, सुख आणि आरोग्य यांच्या नात्यावर अरब देशांत त्यांच्याइतके सातत्याने काम करणारे फार थोडे. २००६ साली त्यांनी कुवेत विद्यापीठाच्या २,२१० विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००७ साली १५ ते १८ वर्षे वयाच्या ६,३३९ कुवेती मुलामुलींवरचा दुसरा आला. कात्रणातला तो हाच. पद्धत अशी की प्रत्येकाला साधे प्रश्न विचारायचे: तुमची तब्येत सर्वसाधारणपणे कशी आहे? मन कसे आहे? तुम्ही किती सुखी आहात? तुम्ही किती धार्मिक आहात? उत्तर शून्य ते दहा यांतल्या एका आकड्याने द्यायचे. २००७ च्या अभ्यासात याखेरीज चिंता आणि खिन्नता मोजणाऱ्या लांब प्रश्नावल्याही होत्या. चिंतेची प्रश्नावली कुवेत विद्यापीठाच्याच नावाने ओळखली जाते, आणि ती अब्देल-खालेक यांनीच रचलेली आहे.

निष्कर्ष कात्रणात दिला होता तसाच आहे, त्यात खोट नाही. धार्मिकतेला जास्त आकडा देणाऱ्यांनी सुख, शरीर आणि मन यांनाही जास्त आकडे दिले. चिंता आणि खिन्नता त्यांच्यात कमी निघाली. मुलांत तसेच, मुलींतही तसेच.

प्राध्यापकांना आम्ही आधी त्यांचे श्रेय देतो. असले बहुतेक काम अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसांवर झालेले आहे. प्रार्थनेचे वळण, उपासाचे वळण, कुटुंबाचे वळण वेगळे असलेल्या समाजात तेच दिसते का, हे कोणी तरी पाहायला हवे होते, आणि त्यांनी ते हजारोंच्या संख्येने पाहिले. एकाच प्रश्नाने सुख कसले मोजता, असे हसणाऱ्यांनाही त्यांनी वाऱ्यावर सोडलेले नाही. एका प्रश्नाच्या मापावर कितपत भरवसा ठेवता येतो, हे तपासणारा वेगळा लेख त्यांनी २००६ मध्ये लिहिला. हा माणूस ढोंगी नाही. काम प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचा गैरवापर जास्त खटकतो.

कात्रणाने जी गोष्ट गाळली ती त्याच अभ्यासात, त्याच निष्कर्षाशेजारी, ठळक लिहिलेली आहे. मुलींचा धार्मिकतेचा सरासरी आकडा मुलांपेक्षा जास्त होता. आणि चिंतेचा व खिन्नतेचाही जास्त होता. सुख, शरीर, मन या तिन्ही बाबतींत मुलांनी स्वतःला मुलींपेक्षा जास्त गुण दिले. म्हणजे ज्या गटात श्रद्धा अधिक, त्याच गटात दुःखही अधिक!

वाचक म्हणतील, हे कसे? आत्ताच तर उलटे सांगितलेत. दोन तांदळाची दुकाने घ्या. प्रत्येक दुकानात महाग तांदूळ स्वस्तापेक्षा चांगला. पण पहिले दुकान एकूणच महाग, आणि तरीही त्याचा माल दुसऱ्या दुकानापेक्षा हलका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मुलींमध्ये जी अधिक धार्मिक ती कमी चिंताग्रस्त; पण सगळ्या मुली मिळून मुलांपेक्षा धार्मिकही जास्त आणि चिंताग्रस्तही जास्त. याचा अर्थ मुलीच्या आयुष्यात असे काही तरी आहे, ज्याच्यापुढे श्रद्धेचा हा सगळा आधार तोकडा पडतो. ते काय, हे शून्य ते दहाचा आकडा सांगत नाही. घरचे बंधन असेल, वयात येण्याचा काळ असेल, किंवा मुलगे आपले दुःख कागदावरही कबूल करत नसतील. ज्यांनी मुली आणि मुलगे दोन्ही वाढवले, त्यांना शेवटचे कारण पटकन पटेल.

आमच्या शेजारच्या भगिनींच्या प्रश्नाला पहिले उत्तर इथेच आहे. श्रद्धा अधिक आणि दुःखही अधिक, असे एकाच माणसात होऊ शकते. कुवेतच्या मुलींच्या बाबतीत ते हजारोंच्या संख्येने दिसले आहे.

दुसरी गोष्ट कारणाची. दोन गोष्टी एकत्र चालतात एवढे या अभ्यासातून दिसते. कोण कोणाला ओढते ते दिसत नाही, कारण प्रत्येकाला एकदाच विचारले. श्रद्धेने मन निरोगी झाले की मन निरोगी होते म्हणून माणूस उठून प्रार्थनेला जाऊ शकला? ज्याला खिन्नतेने पलंगाला खिळवले आहे, तो सिनेगॉगात येत नाही. आणि मग आपण म्हणतो की येत नाही म्हणून त्याची ही दशा झाली. उलट बाजूनेही चूक होते. एखाद्याने इस्पितळाच्या बाकांवर आणि बाजाराच्या बाकांवर तेहिल्लीमची पुस्तके किती दिसतात ते मोजले, तर इस्पितळात कितीतरी जास्त सापडतील. म्हणून तेहिल्लीम वाचल्याने माणूस आजारी पडतो असे कोणी छापले, तर आपण त्याला वेड्यात काढू. आपल्या बाजूचा निष्कर्ष असला की मात्र टाळ्या वाजवतो.

तिसरी गोष्ट त्या प्रश्नाच्या शब्दांची. धार्मिकतेसाठी अरबीत जो शब्द आहे तो 'दीन' या शब्दापासून निघालेला. हिब्रूतही 'दीन' आहे, पण तिथे त्याचा अर्थ न्याय, कायदा. मराठीत 'दीन-दुनिया' म्हणतो तेव्हा तो अरबी दीन, आणि 'दीनदुबळा' म्हणतो तेव्हा संस्कृतातला, बिचारा. एकाच उच्चाराचे तीन संसार. जिथे शुक्रवारची नमाज, रमजानचे रोजे आणि घरातले वडीलधारे हेच रोजचे जगणे, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने धार्मिकतेपुढे दोन किंवा तीन लिहायचे म्हणजे घराविरुद्धच लिहायचे. असा आकडा श्रद्धेचा किती आणि घराशी असलेल्या सलोख्याचा किती? घराशी ज्याचे सूत जुळलेले, त्याचे मन निरोगी असणारच. आम्हाला वाटते, या अभ्यासाने मोजलेली बरीचशी गोष्ट तीच असावी. प्राध्यापक हे मान्य करतील की नाही ठाऊक नाही. हे आमचे मत.

आणि कोणाला विचारले नाही, तेही पाहावे. कुवेतमध्ये राहणाऱ्यांत कुवेती नागरिक अल्पसंख्य आहेत. बहुसंख्य बाहेरून पोटासाठी आलेले, आणि त्यांत भारतीय सर्वांत जास्त. रत्नागिरी-रायगडचा जो माणूस सहाजणांच्या खोलीत राहून घरी पैसे पाठवतो, दोन वर्षांनी एकदा मुलांचे तोंड पाहतो, त्याची श्रद्धा आणि त्याची तब्येत यांचे काय नाते? आमच्या मते हा अभ्यासाचा खरा विषय होता, कारण तिथे श्रद्धेच्या पाठीशी घर नसते. १९९० साली कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी घरी आणले, तेव्हा वाळवंटातल्या तंबूंत त्यांना कशाने तगवले असेल? त्यांना दहापैकी किती, असे कोणी विचारले असते तर?

बरे, विचारलेले सगळे अठ्ठावीस वर्षांच्या आतले. गुडघे म्हणजे काय, हे ज्यांना अजून कळायचे आहे, त्यांच्या आकड्यांवरून पंचाहत्तरीच्या माणसाला धडा द्यायचा हे आम्हाला जरा अतीच वाटते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे श्रद्धेवर उठले आहेत. तसे नाही. श्रद्धेचा आणि शरीराचा संबंध आहे असे आम्ही मानतो, आणि त्याचा कुवेतपेक्षा भक्कम पुरावा आपल्या दाराशी आहे. यरुशलेमच्या हदासा आणि हिब्रू विद्यापीठातले जेरेमी कार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली किबुत्सांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११ धार्मिक किबुत्स आणि त्यांच्या जोडीला ११ निधर्मी किबुत्स घेतले, एकाच भागातले. १९७० ते १९८५ या १६ वर्षांत ३५ वर्षांवरच्या सुमारे ३,९०० स्त्री-पुरुषांपैकी कोण वारले ते पाहिले. आकडा कोणाच्या तोंडून घेतलेला नाही, मृत्यू मोजले. एकूण २६८ मृत्यू झाले. निधर्मी किबुत्सांत मृत्यूचे प्रमाण धार्मिकांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. स्त्रियांतही, पुरुषांतही.

हा अभ्यास आम्हाला स्वतःलाही अडचणीत टाकतो. आमचा जुना समज असा की श्रद्धेने आरोग्य मिळते ते माणसांमुळे: मिन्यानला दहाजण लागतात, म्हणून कोणी तरी आपल्याला बोलवायला येते, आजारी पडलो तर बिकुर खोलीम म्हणून चारजण दार ठोठावतात. पण किबुत्सात माणसे दोन्हीकडे होती. जेवणघर दोन्हीकडे, शेती दोन्हीकडे, डॉक्टर आणि इस्पितळ सारखेच. तरी फरक पडला. शब्बाथची सक्तीची विश्रांती म्हणावी, की दिवसातून तीनदा मन एका जागी आणण्याची सवय, की आणखी काही? अभ्यास छातीठोक सांगत नाही आणि आम्हीही सांगणार नाही. एवढेच की, सगळे श्रेय माणसांच्या सोबतीला देऊन टाकण्याचा आमचा सोपा मार्ग इथे बंद होतो.

याच कार्कांनी दुसरे एक काम केले, आणि ते आपल्याला थेट कुवेतच्या युद्धाकडे नेते. १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे दोनच्या सुमारास पहिली स्कड क्षेपणास्त्रे पडली. वाचकांना ती रात्र सांगायला नको. प्लास्टिक चिकटवलेल्या खिडक्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल, रबराचा तो वास, आणि मुखवटा घालताना रडणारी नातवंडे. क्षेपणास्त्राच्या थेट माराने देशात फार थोडी माणसे गेली. पण कार्क आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले की त्या एका दिवशी देशात अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त मृत्यू झाले, आणि बायकांत ही वाढ पुरुषांपेक्षा जास्त होती. पुढच्या हल्ल्यांच्या दिवशी तशी वाढ दिसली नाही. माणसाला भीतीची सवय झाली म्हणा. पहिल्या रात्री मात्र भीतीनेच माणसे मारली.

भीती जर शरीराला इतकी मारू शकते, तर जे भीती उतरवते ते शरीराला तारूही शकेल, हे मानायला आम्हाला कोणा प्राध्यापकाचा दाखला लागत नाही. त्या बंद खोलीत आमच्या घरी शेमा म्हटला गेला तेव्हा धाकट्या नातीचा श्वास सावकाश झाला, हे आम्ही पाहिले आहे. आणि २८ फेब्रुवारीला पूरिमच्या दिवशी, युद्ध थांबल्याची बातमी घेऊन, मुलांनी खरे मुखवटे टाकून खोटे चढवले तेव्हा किती घरांत रडू आले!

त्या अनुभवाला नंतर अभ्यासाचाही आधार मिळाला. २००६ च्या लेबनॉन युद्धानंतर रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तरेतल्या धार्मिक स्त्रियांना तेहिल्लीम म्हणण्याबद्दल विचारले. ज्या स्त्रिया रॉकेटांखाली तिथेच राहिल्या, त्यांच्यात तेहिल्लीम म्हणणाऱ्यांची चिंता कमी होती. ज्या घर सोडून सुरक्षित जागी गेल्या, त्यांच्यात तो फरक दिसला नाही. त्यांच्या काळज्या वेगळ्या होत्या: पैसा, परक्याचे घर, मुलांची शाळा. म्हणजे जे आपल्या हातात नाही तिथे तेहिल्लीमचा हात लागतो; जे हातपाय हलवून सुटते तिथे हातपायच हलवावे लागतात. कुवेतच्या सहा हजार आकड्यांपेक्षा हा छोटा अभ्यास आम्हाला जास्त शिकवून गेला, कारण यात श्रद्धा किती हा प्रश्नच नाही. कधी आणि कशासाठी, हा आहे.

आणि श्रद्धेला औषधाच्या बाटलीसारखे वापरू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक प्रयोग. २००६ साली हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने सहा इस्पितळांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा निकाल दिला. काहींसाठी अनोळखी माणसांकडून प्रार्थना करवली, काहींसाठी नाही. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे माहीत नव्हते, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. ज्यांना पक्के सांगितले होते की होते आहे, त्यांना गुंतागुंत उलट जास्त झाली, ५९ टक्क्यांना. बिचाऱ्यांना वाटले असेल, आपली अवस्था इतकी वाईट की माणसे प्रार्थनेला बसवली! आपण आजाऱ्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह घेऊन 'मी शेबेराख' म्हणतो आणि रफुआ श्लेमा मागतो. ते असे डोसाने मोजण्यासाठी नाहीच, असे आम्हाला वाटते.

रांबाम स्वतः वैद्य होते. सुलतान सलाउद्दीनच्या मुलाला खिन्नतेने आणि पोटाच्या तक्रारींनी घेरले, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी आरोग्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. त्यात पथ्यपाणी आहे, आणि मनाचे विकार शरीराला कसे बिघडवतात तेही आहे. मुसलमान राजपुत्र, यहुदी वैद्य, विषय तोच जो कुवेतच्या अभ्यासात प्राध्यापकांनी धरला. पण मिश्ने तोरामध्ये याच रांबामने फार कडक लिहिले आहे: जो जखमेवर तोराचे वचन पुटपुटून ती बरी करू पाहतो, त्याने तोराला शरीराचे औषध केले, ती आत्म्याचे औषध आहे. निरोगी माणसाने पुण्याईने रक्षण व्हावे म्हणून वचने म्हणावीत, त्याला त्यांची हरकत नाही. जखमेला मात्र मलम.

आपला समाज या बाबतीत मुळात शहाणा होता. कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा दगडावर दाखवतात, तिथे आपले लोक नवस बोलत. आजार बरा झाला की मलिदा करत. पण नवस बोलला म्हणून काढा टाकला असे आमच्या आजीने तरी कधी केले नाही. आपल्या डॉ. जेरुशा झिराड याचे मोठे उदाहरण. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री, हजारो बाळंतिणींना हात लावलेल्या. आणि त्याच बाई १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन उभारणाऱ्यांत होत्या. हातात शस्त्रक्रियेची उपकरणे आणि सिद्दूर दोन्ही धरताना त्यांना कधी अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

मग एवढे सगळे कशासाठी लिहिले? कारण कात्रणे खिशात घालून फिरणाऱ्यांमुळे नुकसान होते, आणि ते आम्ही पाहिले आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बायको वारल्यावर हळूहळू यायचे बंद झाले. पहिले काही शब्बाथ कोणी तरी विचारले, मग लोक म्हणू लागले की यांची श्रद्धा उडाली. एकाने तोंडावर सांगितले, गोळ्या कसल्या घेता, तेफिल्ला करा. त्यांनी खरोखरच गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी मुलाने त्यांना जबरदस्तीने कुपात खोलीममध्ये नेले, तेव्हा वजन अकरा किलोंनी उतरले होते. आज ते येतात, मागच्या बाकावर बसतात, गोळ्याही घेतात. त्यांना गोळ्या सोडायला सांगणारे पुढच्या बाकावर बसतात, आणि त्या वाक्याची त्यांना आठवणही नाही. आम्हीही त्या महिन्यांत एकदाच त्यांच्या घरी गेलो होतो. ते आम्हाला टोचत राहते.

योम किप्पूरच्या उपासाचेही तसेच. मधुमेह असलेले आपले कितीजण डॉक्टरांनी मना करूनही पंचवीस तास पाणी टाळतात आणि त्याला श्रद्धा म्हणतात! कुवेतमध्येही मधुमेहाचे प्रमाण जगात फार वरचे आहे, आणि रमजानमध्ये तिथल्या डॉक्टरांपुढेही हाच प्रश्न. त्यांच्या कुराणात आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. आपल्या योमा ग्रंथात तर इथवर आहे की आजाऱ्याला वैद्यांच्या सल्ल्याने खाऊ घालावे. आणि तो स्वतः मला हवे म्हणत असेल तर शंभर वैद्य नको म्हणाले तरी त्याचेच ऐकावे. दोन्ही धर्मांनी सूट दिली, आणि दोन्हीकडचे म्हातारे ती घ्यायला लाजतात.

हे सगळे वाचून झाल्यावर, पुढच्या बैठकीत आम्ही गंमत म्हणून कुवेतचा प्रश्न क्लबात विचारला. प्रत्येकाने दहापैकी किती धार्मिक आहोत ते सांगायचे. एक बांधव म्हणाले, शब्बाथला आठ, इतर दिवशी गुडघ्यांवर अवलंबून. दुसरे म्हणाले, बायकोला विचारा, तिच्या लेखी तीन. कात्रणवाल्यांनी नऊ सांगितले आणि मग इकडेतिकडे पाहून साडेआठ केले. मागच्या बाकावरचे गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "गेल्या वर्षीचा आकडा सांगू की या वर्षीचा?"

त्या भगिनींची पाळी आली तेव्हा आम्ही त्यांना आधी कुवेतच्या मुलींची गोष्ट सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा नीट समजावून घेतली. मग आकडा सांगायला साफ नकार दिला, आणि विचारले की त्या मुलींना नंतर कोणी भेटायला गेले का.